वाऱ्याकडे पाठ

दिंद्रुडजवळच्या एका लग्नात मी मंडपात कमी आणि मंडपामागं जास्त बसलो. मे महिना, मुहूर्त साडेबाराचा. मराठवाड्यात असले मुहूर्त कोण काढतं, देव जाणे! मागं टेम्पोवर २५ केव्हीएचा जनरेटर होता आणि टेम्पोच्या सावलीत तो सांभाळणारे मामा.

सकाळी आल्या आल्या मामांनी मूठभर फुफाटा हवेत सोडला. तो पूर्वेकडं उडाला, तेव्हा जनरेटरची रेडिएटरची बाजू पूर्वेला येईल असा टेम्पो लावला. मोटारीचा पंखा बाहेरची हवा रेडिएटरमधून आत ओढतो. जनरेटरचा बहुधा उलटा, इंजिनावरची हवा बाहेर ढकलतो. समोरून वारा भिडला की तीच गरम हवा माघारी येते. डिझेलच्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची धुरातून नाहीतर रेडिएटरच्या या जाळीतूनच बाहेर पडायची असते.

जाळी धुण्याचीही रीत आहे. धूळ आणि तेलाचा लगदा पंख्याच्या बाजूला बसतो, म्हणून पाणी बाहेरून आत मारायचं. आतून मारलं की काळ्या मातीचा गारा पत्र्यांत घट्ट बसतो.

अक्षता पडायच्या सुमारास तापमानाचा काटा ८५ वरून ९५ कडं सरकला. मामांनी आधी लोड पाहिला. तिन्ही फेजवर कूलर वाटलेले, एका फेजला पस्तीस अँपिअरच्या आतच. मग वळसा घालून गेले, तर वऱ्हाडाची जीप सावली बघून जाळीला खेटून उभी! चालक जेवायला बसलेला. तोवर एका हौशी पाहुण्यानं "गार होऊ द्या" म्हणत जनरेटरच्या पेटीची दारं उघडली. मामा त्याच्यावर खेकसले. आवाज ७५ डेसिबलच्या आत ठेवायचा नियम २००५ पासून आला, तेव्हापासून जनरेटर पेटीत बसला. पेटीतली हवा ठरल्या वाटेनं खेळते. दार उघडलं की ती वाटच मोडते.

"मग पाणी ओता वरून," पाहुणा म्हणाला.

"टोपन उघडलं तर त्वांड भाजंल, पावणं."

खरंच आहे. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण फिरवताच दाब सुटतो आणि ते अंगावर उसळतं. मामांनी चार कूलर बंद केले, बायका चिडल्या. चालक उष्ट्या हातानं धावत आला, जीप हलली आणि दहा मिनिटांत काटा खाली आला.

पंगती उठल्यावर सगळा लोड काढूनही इंजिन चालूच. वधूपित्यानं हाक दिली, "अहो, डिझेल जळतंय, बंद करा!" मामांनी मान डोलावली आणि पाच मिनिटं ते तसंच रिकामं चालू दिलं, आतली धग पंख्यानं निघून जावी म्हणून. त्या पाच मिनिटांत पाव लिटरही डिझेल जळत नाही.