‘बरा’ आणि ‘समर्थ’ : नाकारलेल्या अपंगत्व-हितलाभाच्या अपिलाचा भाषिक विचार

रोहे तालुक्यातील धाटाव येथे कुंडलिकेच्या खोऱ्यात रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीतील एक कामगार आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. झडप उघडताना उडालेल्या आम्लाने त्याचा उजवा हात भाजला. जखम भरली, परंतु कातडी आखडली आणि मूठ वळेनाशी झाली. डॉक्टरांनी विचारले, “आता कसं आहे?” तो म्हणाला, “बरं हाय.” कागदावर नोंद झाली : ‘बरा झाला.’ पुढे कायम अपंगत्वाबद्दलचा त्याचा दावा नाकारण्यात आला आणि नकाराला आधार मिळाला तो याच दोन शब्दांचा.

या प्रसंगात कोणी खोटे बोललेले नाही. विचारणाऱ्याला ‘बरं आहे’ म्हणणे हा आपल्याकडील शिष्टाचार होय. ते शरीरस्थितीचे विधान नव्हे. पण शिष्टाचाराचे वाक्य दप्तरात गेले की ते पुरावा बनते. म्हणून अपील म्हणजे केवळ गाऱ्हाणे नव्हे, तर नकाराच्या पत्रातील एका विवक्षित शब्दाला दिलेले विवक्षित उत्तर होय. हे विधान प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

प्रथम कायद्याची चौकट थोडक्यात पाहू. औद्योगिक अपघाताच्या भरपाईचा पहिला अखिल भारतीय कायदा १९२३ चा. त्यानुसार दावा भरपाई आयुक्तांपुढे जात असे. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने विमेदार कामगाराला मालकाऐवजी महामंडळाकडून हितलाभ मिळण्याची सोय केली. अपंगत्वाचे प्रमाण वैद्यकीय मंडळाने ठरवावयाचे. ते मान्य नसल्यास वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे व तेथून विमा न्यायालयाकडे, अथवा सरळ विमा न्यायालयाकडे जावयाचे, अशी त्या कायद्याची रचना होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. अपिलाची मुदत व नमुना त्यामुळे चालू नियमांवरूनच पाहावा. मूळ संकल्पना मात्र जुन्याच आहेत, आणि वाद बहुधा त्यांच्याच अर्थावर होतो.

पहिली संकल्पना दोन शब्दयोगांची आहे. इजा ‘नोकरीच्या ओघात’ झालेली असावी लागते, आणि ती ‘नोकरीमुळे’ही झालेली असावी लागते. व्यवहारात आपण हे दोन्ही एकच समजतो. कायद्याच्या दृष्टीने पहिला शब्द काळ व स्थळ सांगतो, दुसरा कारण. दावेदाराने ‘कामावर असताना लागले’ एवढेच लिहिले, तर त्याने पहिल्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. १९४८ च्या कायद्यात या ठिकाणी कामगाराच्या बाजूने एक गृहीतक होते : अपघात नोकरीच्या ओघात घडला असे दिसले, आणि उलट पुरावा नसला, तर तो नोकरीमुळेच घडला असे मानावे. म्हणून नकाराचे पत्र या दोहोंपैकी नेमके काय अमान्य करते हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरी संकल्पना ‘पूर्ण अपंगत्वा’ची. १९२३ च्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे, अपघाताच्या वेळी जे काम करण्यास कामगार समर्थ होता, त्या सर्व कामास तो असमर्थ झाला, तर ते पूर्ण अपंगत्व. येथे सारा भार ‘जे’ने सुरू होणाऱ्या गौण वाक्यावर आहे. ते वगळले, तर ‘सर्व काम’ म्हणजे जगातील कोणतेही काम असा अर्थ होतो, आणि मग एका हाताने दार राखणाराही समर्थच ठरतो. ४ डिसेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निर्णय या दृष्टीने अभ्यसनीय आहे. एका सुताराचा डावा हात अपघातानंतर कापावा लागला होता. अनुसूचीतील टक्केवारीवर बोट ठेवून मालकाने अपंगत्व पूर्ण नसल्याचे म्हटले. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्णच होय, हा आयुक्तांचा निष्कर्ष न्यायालयाने कायम केला. २०१० मध्ये मोटार-अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने हा भेद अधिक विशद केला : हात गमावल्याने चालकाची वा सुताराची कमाई जवळजवळ संपते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित तशीच राहते. अवयवाची हानी एक, कमाईच्या क्षमतेची हानी दुसरी.

आता ‘बरा’ या शब्दाकडे परत वळू. विमा-योजनेत तात्पुरत्या अपंगत्वाचा हितलाभ उपचार चालू असेतोपर्यंतचा असतो. कायम अपंगत्वाचा विचार जखम भरल्यानंतर होतो. म्हणजे ‘बरा झाला’ ही नोंद कायम अपंगत्वाचा प्रश्न मिटवीत नाही. उलट तो तेथूनच सुरू होतो. जखम बरी झाली, पण हात समर्थ झाला नाही, हे एकच वाक्य आमच्या कामगाराच्या अपिलाचा कणा होऊ शकते.

त्यापुढचे काम वर्णनाचे. ‘हात चालत नाही’ हे वाक्य भावना पोचविते, माहिती देत नाही. झडपेचे चाक फिरविता येते की नाही, शिडीचा कठडा धरता येतो का, पिंप उचलता येते का, हातमोजा चढतो का, असे एकेक क्रियापद घेऊन लिहावे. डॉक्टरांच्या अभिप्रायातही केवळ व्रणाचे वर्णन न मागता या क्रियांविषयी मत मागावे. अपघाताची नोंद, त्या दिवशीची हजेरी व रुग्णालयाचे कागद हे त्यास जोडावे. ही काळजी पहिल्याच पायरीवर घ्यावयाची, कारण १९२३ व १९४८ या दोन्ही कायद्यांखाली उच्च न्यायालयात अपील होत असे ते केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. खाली न सांगितलेली वस्तुस्थिती वर सांगावयास सहसा जागा नसते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. रोहे-पेण भागात आगरी व कुणबी बोलींत सांगितलेले दुखणे प्रमाण मराठीत, तेथून इंग्रजीत आणि शेवटी टक्केवारीत उतरते. प्रत्येक उताऱ्यात काही तरी गळते, आणि जे गळते त्याची किंमत दरमहा मोजावी लागते. कामगाराने आपले म्हणणे स्वतःच्या बोलीत सांगावे, ते शब्दशः लिहून घेतले जावे आणि सही करण्यापूर्वी त्याला वाचून दाखविले जावे, एवढी दक्षता घेतली, तरी कित्येक अपिलांची गरजच उरणार नाही.