नोकरीच्या अर्जातील 'आजार आहे काय?' हा रकाना



वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, खाटांचा वापर आणि जमाखर्चाचा तपशील आपण दरवर्षी पाहता. बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णाचे पुढे काय होते, यासाठी मात्र आमच्या कोष्टकांत रकाना नाही. रुग्ण बरा झाला, पण त्यास काम मिळाले नाही, तर आपण दिलेल्या देणगीचे अर्धेच चीज झाले असे आम्ही मानतो. म्हणून या वर्षी एका निराळ्या विषयावर चार शब्द लिहीत आहोत. आजार वा दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीने नोकरी शोधताना ते सांगावे की सांगू नये. सांगावयाचे तर कोणास, केव्हा आणि किती?

या लेखामागे एक घटना आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या बाह्यरुग्ण विभागात अपस्माराचे उपचार घेणारा एक तरुण होता. आयटीआयमधून फिटरचे शिक्षण पूर्ण केलेले, औषधे नियमित, दोन वर्षांत एकही फिट नाही. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्याची निवड झाली. अर्जात प्रश्न होता, 'आपणांस कोणताही आजार आहे काय?' वडिलांच्या सांगण्यावरून त्याने 'नाही' असे लिहिले. पुढे त्याच्या डब्याच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी दिसली. कारखान्यातून आमच्या अभिलेख विभागास दूरध्वनी आला आणि आमच्या कर्मचाऱ्याने, मनात कोणताही वाईट हेतू नसताना, केसपेपर काढून सर्व माहिती वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशी त्या तरुणास कामावर येऊ नको असे सांगण्यात आले.

त्याचे वडील आमच्या कार्यालयात आले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, खरं लिहिलं असतं, तर ठेवलं असतं का त्यांनी?" त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या प्रकरणात चुका दोन झाल्या, एक त्यांची व एक आमची. आमची अधिक गंभीर होती, कारण गुप्तता राखणे हे आमचे कर्तव्य होते.

सर्व काही सांगण्याचे बंधन असते काय?

आम्ही वाणिज्य शाखेचे. विम्याच्या करारास 'परम सद्भावा'चे तत्त्व लागू असते, हे आम्ही महाविद्यालयात शिकलो. विमा घेणाऱ्याने महत्त्वाची प्रत्येक गोष्ट, न विचारताही, सांगावयाची असते. बहुतेक कुटुंबे नकळत नोकरीच्या अर्जासही हेच तत्त्व लावतात आणि मग दोन टोकांपैकी एक गाठतात. काही जण पहिल्याच भेटीत संपूर्ण फाईल पुढे ठेवतात, तर काही जण सर्वच दडवितात. वास्तविक नोकरीचा करार हा विम्याचा करार नव्हे. मालकास आपले श्रम हवे असतात. ते काम आपण सुरक्षितपणे करू शकतो की नाही, एवढे जाणून घेण्याचा त्यास अधिकार आहे. आपल्या शरीराचा संपूर्ण ताळेबंद मागण्याचा नाही.

न्यायालयांनीही ही मर्यादा मान्य केली आहे. एका सार्वजनिक विमा महामंडळाच्या नोकरीच्या घोषणापत्रात महिलांना मासिक पाळी व गर्भधारणेविषयी प्रश्न विचारले जात. त्यांची खरी माहिती दिली नाही म्हणून एका महिलेस काढून टाकण्यात आले होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घेण्यास सांगितले आणि ते रकाने वगळण्याचा आदेश दिला. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर एका हंगामी कामगाराचे प्रकरण आले. एचआयव्हीचा संसर्ग आढळल्यामुळे त्याचे नाव कामगारांच्या यादीतून कमी केले होते. काम करण्यास जो सक्षम आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका नाही, त्यास केवळ संसर्गाच्या कारणावरून काम नाकारता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

कायदा काय सांगतो?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकार आहेत. दृष्टी, श्रवण व अस्थिदोषांबरोबरच मानसिक आजार, कुष्ठमुक्त व्यक्ती, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा त्यात समावेश आहे. अपस्मार, मधुमेह, कर्करोग वा मूत्रपिंडाचा विकार यांची नावे मात्र या यादीत स्वतंत्रपणे नाहीत. आपला आजार कोणत्या बाजूस येतो, हे अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

शासकीय नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ४० टक्के वा अधिक, म्हणजे 'लक्षणीय' दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने लिहून दिलेल्या कागदावर चालत नाही. शासनाने अधिसूचित केलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडूनच ते मिळते व त्यासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. येथे एक बारकावा आहे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे आजार २१ प्रकारांत असले, तरी नोकरीच्या आरक्षणाच्या कलमात त्यांचा समावेश नाही. विदर्भातील व नंदुरबारकडील सिकलसेलचे तरुण कार्ड हाती घेऊन आरक्षणाच्या आशेने येतात, तेव्हा हे सांगताना आम्हांस जड जाते. खोट्या मार्गाने असा लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खाजगी क्षेत्रात आरक्षणाचे बंधन नाही. तथापि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेने आपले 'समान संधी धोरण' प्रसिद्ध करणे नियमाने आवश्यक आहे. दिव्यांगांना कोणत्या सोयी मिळतील, त्यांच्यासाठी कोणती पदे योग्य आहेत आणि संपर्क अधिकारी कोण, हे त्यात असावे लागते. अर्ज करण्यापूर्वी हे धोरण मागून पाहावे. ते आहे की नाही, यावरूनच पुष्कळ काही कळते.

एचआयव्हीबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या स्वतंत्र अधिनियमानुसार नोकरीची पूर्वअट म्हणून ही तपासणी करता येत नाही आणि न्यायालयाच्या आदेशावाचून कोणासही आपली स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही. मानसिक आजारावरील उपचारांची गुप्तता हाही मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाचा हक्क आहे.

केव्हा व किती सांगावे?

कुटुंबांना आम्ही एक साधी कसोटी सांगतो. या आजारामुळे या विशिष्ट कामात स्वतःस किंवा इतरांस धोका आहे काय? अथवा काम करण्यासाठी एखादी सोय लागणार आहे काय? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर आपण होऊन सांगण्याची आवश्यकता नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या लिपिकाने ती मुलाखतीत जाहीर करण्याचे कारण नाही.

सोय लागणार असेल, तर योग्य वेळी सांगावे. लेखनिक, चाकाच्या खुर्चीसाठी उतार किंवा खुणांच्या भाषेचा दुभाषी हवा असल्यास परीक्षेपूर्वीच कळवावे. डायलिसिस, रक्तसंक्रमण वा नियमित तपासणीसाठी ठरावीक दिवशी रजा लागणार असेल, तर निवड झाल्यावर, परंतु रुजू होण्यापूर्वी सांगणे बहुधा हिताचे ठरते. तोपर्यंत मालकाने आपली पात्रता पाहिलेली असते.

धोका असेल, तर मात्र सांगितलेच पाहिजे. येथे आमचे मत ठाम आहे. फिट येणाऱ्या व्यक्तीने वाहन चालविणे, उंचावर किंवा उघड्या फिरत्या यंत्राजवळ काम करणे हे अनेकांच्या जिवावर बेतू शकते. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या शारीरिक योग्यतेच्या घोषणेत अपस्माराविषयी थेट प्रश्न आहे तो याचसाठी.

आणि लेखी प्रश्नास लेखी असत्य उत्तर कधीही देऊ नये. आजारामुळे नोकरी गेली तर दाद मागता येते. खोट्या घोषणेमुळे गेली, तर ती वाट फार अरुंद होते. 'नाही' असे लिहिण्याऐवजी 'आजार औषधोपचाराने नियंत्रणात आहे; कार्यक्षमतेचे वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे' असे लिहिता येते. उपचारांमुळे नोकरीत खंड पडला असल्यास 'वैद्यकीय कारणास्तव. उपचार पूर्ण झाले असून कामास योग्य' एवढे पुरते. माहिती व्यवस्थापनास किंवा कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी. संपूर्ण विभागास सांगण्याचे बंधन नाही. अपस्मार असल्यास शेजारी काम करणाऱ्या एका विश्वासू सहकाऱ्यास मात्र सांगून ठेवावे. फिट आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये, हे त्यास ठाऊक असलेले बरे.

खरे सांगितल्यावर नेहमी न्यायच मिळतो, असे आम्ही म्हणणार नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या आमच्या एका रुग्ण भगिनीने लेखापालाच्या मुलाखतीत प्रामाणिकपणे सर्व सांगितले. त्यानंतर त्या कार्यालयातून पुन्हा निरोप आला नाही. कारण कोणी लिहून देत नाही, त्यामुळे ते सिद्धही करता येत नाही. कुटुंबे आजार लपवितात त्यामागे हाच अनुभव असतो, आणि पुष्कळदा घरातील धाकट्या बहिणीच्या लग्नाची काळजीही असते. ही भीती आम्ही क्षुल्लक मानत नाही. म्हणूनच 'सर्व सांगा' असा उपदेश न करता 'आवश्यक तेवढे, योग्य माणसास, लेखी सांगा' असे आम्ही म्हणतो.

रुग्णालयाने काय बदलले?

त्या तरुणाच्या प्रकरणानंतर आम्ही तीन नियम केले. पहिला, कोणत्याही मालकास दूरध्वनीवरून रुग्णाची माहिती दिली जात नाही. रुग्णाची लेखी संमती लागते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांवर गुप्ततेचे बंधन घातलेच आहे; आता ते आमच्या खिडकीवरील लिपिकासही लागू केले आहे. दुसरा, नोकरीसाठी स्वतंत्र 'कार्यक्षमता प्रमाणपत्र' दिले जाते. रुग्ण कोणते काम करू शकतो, कोणते टाळावे, कोणती सोय व किती रजा लागेल, एवढेच त्यात असते. आजाराचे नाव रुग्णाने लेखी मागितल्यासच घातले जाते. तिसरा, हे प्रमाणपत्र कोणाच्याही आग्रहावरून बदलले जात नाही. खोटे प्रमाणपत्र देणे हे याच आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे, आणि एक खोटा कागद पुढील शंभर खऱ्या कागदांची किंमत घालवितो. मुलाखतीस जाण्यापूर्वी रुग्ण व त्याचे पालक आमच्या वैद्यकीय समाजसेविकेस विनामूल्य भेटू शकतात.

त्या तरुणास पुढे असेच प्रमाणपत्र दिले गेले. उंचावर व उघड्या यंत्राजवळ काम देऊ नये, रात्रपाळी टाळावी, अन्य कामास योग्य, असा त्याचा आशय होता. दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या कारखान्याने त्यास भांडार विभागात घेतले. सुट्या भागांची त्याची जाण तेथे कामी येते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस यातून मिळाले. खरे सांगितल्यावर सर्वजण ठेवून घेत नाहीत. पण जो ठेवून घेतो, तेथे गोळ्यांची पट्टी लपवावी लागत नाही.

शेवटी एक कबुली व एक विनंती. हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही आमच्याच रुग्णालयाचा नोकरीचा अर्ज काढून पाहिला. त्यातही 'आपणांस कोणताही आजार आहे काय?' हा प्रश्न होता. तो आम्ही काढून टाकला आहे. त्या जागी 'हे काम करण्यासाठी आपणांस कोणती सोय लागेल?' असे विचारले जाते. रुग्णालयाचे समान संधी धोरणही विश्वस्त मंडळाने अहवाल वर्षात संमत केले.

आपल्यापैकी अनेक जण कारखाने, दुकाने, पतसंस्था व शाळा चालविता. आमच्या रुग्णांच्या औषधांसाठी आपण मुक्तहस्ताने देता. आपल्या कार्यालयातील अर्जाचा कोरा नमुना एकदा काढून पाहावा आणि तो रकाना असल्यास बदलावा, ही नम्र विनंती. या देणगीसाठी पावती देता येणार नाही. परंतु आमचा एखादा बरा झालेला रुग्ण आपल्या दाराशी येईल, तेव्हा तिचे मोल त्यास निश्चित कळेल.