पंगतीचा अंदाज आणि संभाव्यतेचे गणित

लग्नघरी स्वयंपाकाचा अंदाज देताना यजमान आमंत्रितांची संख्या मोजतो, तीत 'कमी पडू नये' म्हणून दहावा हिस्सा मिळवतो आणि येणारा आकडा आचाऱ्यास सांगतो. ३०० जणांस आमंत्रण असेल तर ३३० पानांचा स्वयंपाक होतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या अन्नाबद्दल हळहळ व्यक्त होते व दोष यजमानाच्या भिडेस दिला जातो. वस्तुतः दोष भिडेचा थोडा आणि हिशेबाच्या रीतीचा अधिक आहे.

अनिश्चित मागणीसाठी साठा किती ठेवावा, हा प्रश्न अर्थशास्त्रात नवा नव्हे. बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी याचा विचार एजवर्थ याने १८८८ मध्ये संभाव्यतेच्या आधारे केला होता. पुढे हाच प्रश्न वृत्तपत्रविक्रेत्याचा प्रश्न म्हणून रूढ झाला. अंक उरला तर त्याची रद्दी होते, कमी पडला तर नफा बुडतो. उणिवेमुळे होणाऱ्या हानीस दोन्ही हानींच्या बेरजेने भागले असता जे प्रमाण येते, तितक्या संभाव्यतेने पुरेल एवढाच साठा करावा, असा त्याचा निष्कर्ष आहे.

हा नियम पंगतीस लावून पाहता येतो. समजा, वरील ३०० आमंत्रित म्हणजे चौघांची ७५ कुटुंबे असून प्रत्येक कुटुंब येण्याची संभाव्यता ०.८ आहे. सरासरी उपस्थिती २४० येते. माणसे स्वतंत्रपणे येत असती तर प्रमाण विचलन सुमारे ७ झाले असते. परंतु पत्रिकेवर 'सहकुटुंब, सहपरिवार' असे छापलेले असते, आणि कुटुंब येते ते एकत्र, न येते तेही एकत्र. त्यामुळे विचलन दुप्पट, म्हणजे सुमारे १४ होते. पान कमी पडण्याची हानी पान उरण्याच्या नऊपट मानली तर २५८ पाने पुरतात. आपल्याकडे पाहुणा उपाशी परतणे ही केवळ पैशाची हानी नव्हे. म्हणून ती ९९ पट मानली, तरी आकडा २७३ च्या पुढे जात नाही. येथे ०.८ हे गृहीत आहे, हे खरे, पण ०.९ धरूनही २९५ पाने पुरेशी ठरतात. वाजंत्री, मोटारचालक व ऐनवेळचे आगंतुक यांची गणना निराळी करावी. ३०० च्या दहाव्या हिश्शाशी त्यांचा काहीच संबंध नाही.

परंतु या गणिताहूनही शहाणी अशी एक रीत जाणत्या आचाऱ्यांच्या हाती आहे. वृत्तपत्रविक्रेत्यास निर्णय एकदाच घ्यावा लागतो. आचाऱ्यास तो टप्प्याटप्प्याने घेता येतो. पहिली पंगत बसली की उपस्थितीचा अदमास येतो. तोवर शेवटच्या हंड्याचे तांदूळ धुऊन ठेवावयाचे, आधण तयार ठेवावयाचे, पण तांदूळ वैरावयाचे नाहीत. पुऱ्यांची कणीक भिजवून ठेवावी, तळणी पाने मांडल्यावर करावी. न शिजलेला तांदूळ परत पोत्यात जाऊ शकतो. शिजलेला भात उष्ण हवेत काही तासांतच धोक्याचा होतो. यास्तव जादा भर घालावयाची ती टिकाऊ पदार्थांवर घालावी: बुंदीच्या लाडवांवर घालावी, बासुंदीवर नव्हे. प्रत्येक पदार्थाचा अंदाज जणू तोच एक पदार्थ पानात आहे अशा थाटाने करणे, हीही एक सार्वत्रिक चूक होय. दोन गोडाचे पदार्थ केले म्हणून जेवणाऱ्याची भूक दुप्पट होत नाही.

पातेल्यात उरलेले आणि पानात टाकलेले यांतही भेद केला पाहिजे. पहिले वेळीच हलविले तर कोणाच्या तरी मुखी लागते, दुसरे लागत नाही. पानातील नासाडी अंदाजाने नव्हे, वाढप्याच्या हाताने ठरते, आणि आग्रहाची जिलबी तिचे ठळक उदाहरण आहे. उभ्याने घेण्याच्या भोजनात आग्रह नाहीसा झाला, पण टप्प्यांची सोयही बरीचशी गेली. सर्व पदार्थ आरंभापासून अखेरपर्यंत भरलेले दिसावेत, अशी तेथे अपेक्षा असते. शेवटच्या अर्ध्या तासात लहान भांडी मांडली तर ही अडचण काही अंशी दूर होते.