सिनियरने दिलेली ई-मेलची यादी सर्वेक्षणासाठी वापरावी का?



कोर्सवर्क झालं, सिनॉप्सिस मंजूर झाला, की सर्वेक्षण असलेल्या विषयात पहिला व्यावहारिक प्रश्न येतो: माणसं आणायची कुठून? अशा वेळी कुणीतरी एक एक्सेल फाइल पुढे करतं. "घे, तासगाव-मिरज भागातल्या हजारभर द्राक्ष बागायतदारांचे ई-मेल आणि मोबाइल नंबर आहेत." ती कधी सिनियरची असते, तर कधी औषध कंपनीत मार्केटिंग करणाऱ्या मित्राची. साताऱ्याकडे काम करत असाल तर महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलवाल्यांची किंवा स्ट्रॉबेरीवाल्यांची मिळेल. फाइल फुकट असते, गुगल फॉर्म तयार असतो, आणि मार्गदर्शक दर आठवड्याला विचारत असतात, "डेटा कुठवर आला?"

अशी यादी वापरायची की नाही, हे ठरवताना बहुतेक जण फक्त "कुणी तक्रार करेल का?" एवढाच विचार करतात. त्याच्या आधीचा प्रश्न संख्याशास्त्राचा आहे, आणि व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

सर्वेक्षणात आपण ज्या यादीतून माणसं निवडतो तिला सॅम्पलिंग फ्रेम म्हणतात. आपल्याला ज्या समूहाबद्दल बोलायचं आहे तो पूर्ण समूह त्या यादीत यायला हवा, निदान जवळपास तरी. आता ती हजार जणांची फाइल बघा. ती बनवली कुणी? समजा एका औषध कंपनीने बनवली. म्हणजे त्यात त्या कंपनीच्या शेतकरी मेळाव्याला आलेले, ब्रँडेड औषध विकत घेणारे आणि ई-मेल असणारे बागायतदार आहेत. कवठेमहांकाळकडचा एक एकर बाग असलेला, उधारीवर दुकानदार देईल ते औषध मारणारा आणि मोबाइल फक्त फोन करायला वापरणारा शेतकरी त्यात नाहीच. आणि तुमचा विषय काय, तर "कीटकनाशक वापरताना घेतली जाणारी काळजी". उत्तर आधीच ठरल्यासारखं झालं ना! हातमोजे, मास्क, काढणीपूर्व कालावधी, सगळं छान दिसणार.

यादी सरकारी असली म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ग्रेपनेटवर निर्यातीसाठीच्या बागांची नोंद होते. ती नोंद चांगली असेल, पण सांगलीतली भरपूर द्राक्षं बेदाण्याला जातात. नुसत्या निर्यातदारांवरून "सांगली जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदार" असं शीर्षक देता येत नाही.

यातलं गाजलेलं उदाहरण १९३६ चं आहे. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' मासिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटार नोंदणीच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे दुसऱ्याच कामासाठी बनवलेल्या याद्यांतून. २० लाखांहून जास्त उत्तरं आली. त्यांवरून मासिकाने लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. त्याच निवडणुकीत गॅलप यांनी त्या मानाने अगदी छोट्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता. मंदीच्या काळात फोन आणि मोटार असणारे लोक कोण असणार, हे सांगायला नको. पण दुसरं कारण लोक विसरतात: ज्यांना पत्रिका गेल्या त्यातल्या पाऊण भागाहून जास्त लोकांनी उत्तरच दिलं नाही, आणि उत्तर देणारे व न देणारे सारखे नव्हते. मोठा आकडा चुकीच्या यादीला वाचवत नाही.

तुमच्या बाबतीत हे कसं दिसेल? समजा १००० मेल पाठवले. यादी पाच वर्षं जुनी, म्हणून २०० परत आले. उरलेल्या ८०० पैकी ६४ जणांनी फॉर्म भरला, म्हणजे ८ टक्के. प्रबंधात "६४ उत्तरदाते" एवढंच लिहून भागत नाही. बाकीचे ७३६ कोण होते, हे तुम्हाला सांगता येत नाही, कारण यादीत नाव आणि मेल सोडून काहीच नाही. गाव नाही, बागेचं क्षेत्र नाही. तुलना करणार कशाशी?

आता परवानगीकडे येऊ. मेळाव्यात वहीवर नाव लिहिताना त्या माणसाने कंपनीला माहिती दिली होती, तुम्हाला नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचा गाभा असा की संमती विशिष्ट कामासाठी आणि काम समजावून सांगून घेतलेली असावी. फाइल एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर गेली म्हणून संमती तिच्याबरोबर जात नाही. त्या माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही, उदाहरणार्थ हॉटेलवाल्याने स्वतःच्या वेबसाइटवर टाकलेला मेल. संशोधनासाठी सूटही आहे, हे खरं. पण ती ठरलेली मानकं पाळण्याच्या अटीवर आहे. "मी पीएच.डी. करतोय" एवढं म्हणून ती मिळत नाही.

प्रश्नावलीत तब्येतीबद्दल काही असेल, जसं फवारणीनंतर डोळे चुरचुरणं, चक्कर येणं, तर आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. आधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यायची, मग पहिला मेल. कमिटी विचारणारच की सहभागींपर्यंत पोचणार कसं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला साधारण ५०० जणांनाच मेल जातो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्यांना स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे हजारात तीन. दुसऱ्याकडून आलेल्या यादीत तीन माणसं चिडणं काहीच अवघड नाही. त्यात बंद पडलेले काही पत्ते स्पॅम पकडण्यासाठी सापळा म्हणून वापरले जातात. विद्यापीठाच्या खात्यावरून पाठवलं आणि डोमेनची पत घसरली, तर बाकीच्यांचेही मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात. (गंमत म्हणजे जगातला पहिला स्पॅम मानला जाणारा मेलही असाच होता. ३ मे १९७८ ला डीईसी कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने अर्पानेटच्या छापील डिरेक्टरीतून पत्ते काढून सुमारे ४०० जणांना जाहिरात पाठवली होती.)

मग करायचं काय? ज्याच्याकडे मूळ यादी आहे त्यालाच विनंती करा की तुमचं पत्र त्याने स्वतः पाठवावं. ज्याला रस असेल तो तुम्हाला उत्तर देईल. फाइल तुमच्या हातात येतच नाही. संघ, सोसायटी, कारखान्याचं शेतकी ऑफिस, सगळीकडे हे चालतं. फक्त पत्र मराठीत आणि एका पानाचं असावं, आणि "माहिती द्यायची नसेल तरी काही बिघडत नाही" हे वाक्य त्यात हवं.

पण द्राक्षासारख्या विषयाला मी तर सरळ गावात जा म्हणेन. तालुके घ्या, त्यातून चिठ्ठ्या टाकून गावं, गावातून बागायतदार. सातबारावर पिकाची नोंद असते, ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. गावातल्या बागा मोजायला तलाठी आणि कृषी सहाय्यक यांची मदत होते. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत मात्र जाऊ नका, कुणी बोलणार नाही. दिवसाला सहा-सात मुलाखती झाल्या तरी खूप. १२० मुलाखतींना तीन-चार आठवडे धरा. एसटी, चहा आणि ऊन हिशोबात घ्या.

आणि समजा डेटा अशा यादीवरून आधीच गोळा झालाय, सबमिशन जवळ आलंय? मग तो लपवू नका. मार्गदर्शकांना दाखवा, ज्यांनी "माझं नाव काढा" असं कळवलं त्यांची उत्तरं खरोखर काढा, फाइल पुढे कुणाला देऊ नका. शीर्षकातून "सांगली जिल्ह्यातील बागायतदार" हे शब्द कमी करा, आणि पद्धतीच्या प्रकरणात साधं लिहा: "ही यादी अमुक प्रकारच्या संस्थेने अमुक वर्षी विपणनासाठी तयार केली होती, तीत ई-मेल वापरणारे बागायतदारच आहेत, १००० पैकी ८०० जणांपर्यंत मेल पोचले आणि ६४ उत्तरं आली, म्हणून निष्कर्ष या ६४ जणांपुरते आहेत."