फडके मारताना जरा जपून!

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास छावणीतून फेरफटका मारणाऱ्यांना एक दृश्य हमखास दिसते. जुन्या बंगल्यांच्या फाटकाशी, चिंचेच्या नाहीतर कडुनिंबाच्या झाडाखाली मोटारी उभ्या असतात आणि महिनेवारीवर ठेवलेला गडी त्या पुसत असतो. एक बादली, एक फडके आणि सहा गाड्या. पहिल्या गाडीला लागलेले स्वच्छ पाणी सहाव्या गाडीपर्यंत चहाच्या रंगाचे झालेले असते. मालक गॅलरीतून पाहतो, गाडी ओली आणि चकचकीत दिसते, आणि दोघांचेही समाधान होते.

पण वाचकहो, हीच गाडी दुपारच्या उन्हात बाहेर काढा आणि बोनेटवर पडलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाकडे नीट पाहा. त्या बिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तशा बारीक गोल-गोल रेषा दिसतील. मुळात त्या रेषा गोल नसतातच. ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यांतले जे प्रकाश नेमका आपल्या डोळ्यांकडे फेकतात तेवढेच दिसतात, म्हणून ते वर्तुळात मांडल्यासारखे भासतात. नगर नाक्यावरून वाळूजकडे दिवसरात्र ट्रक धावतात, त्यांची धूळ रोज गाडीवर बसते. ती पाण्याने सुटण्याआधीच तिच्यावर फडके फिरले की त्याचा वॉटर पेपर होतो. गाडी खराब होते ती धुळीने नव्हे, धूळ पुसण्याने!

मुळात हा रंग असतो तरी केवढा? कारखान्यातून येणाऱ्या आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा क्लिअर कोट असतो. ही सारी चळत मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉनचा धरला, तर सगळा रंग दोन केसांइतका जाड. त्यातही क्लिअर कोट जेमतेम पस्तीस ते पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे एका केसाहून पातळ. चकाकी, पाऊस-उन्हापासूनचे संरक्षण, सारे काही या पापुद्र्यावर अवलंबून. ‘पॉलिश करून घेतले, ओरखडे गेले’ असे आपण म्हणतो तेव्हा ओरखडे भरून निघालेले नसतात. आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणलेला असतो. म्हणजे हे बँकेतल्या मुद्दलातून खर्च करण्यासारखे झाले. दर दिवाळीला गॅरेजात नेऊन ‘रबिंग’ मारून आणणारी मंडळी हे मुद्दल पाच-सात वर्षांत संपवतात. मग टपावर आणि बोनेटवर पांढुरके पापुद्रे सुटू लागतात. त्यावर पुन्हा रंग देण्यावाचून दुसरा इलाज नाही.

आपल्याकडे जुनी माणसे अजूनही ‘ड्यूको मारला’ असे म्हणतात. हे एका अमेरिकन रंगाचे नाव. त्याआधी मोटारीला बग्गीसारखाच रंग देत. हाताने कुंचल्याने थरावर थर चढवायचे आणि वाळायला आठवडे घालवायचे. फोर्डने तर १९१४ ते १९२५ अशी बारा वर्षे आपली ‘मॉडेल टी’ फक्त काळ्या रंगात विकली. १९२०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीचा फवारून मारायचा ड्यूको आला. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि रस्ते रंगीत झाले. कंपनीचे नाव मागे पडले, पण शब्द आमच्या गॅरेजांत चिकटून बसला तो बसलाच.

चकाकीचे वेड या गावाला नवे नाही. बेगमपुऱ्यातल्या मकबऱ्याचा घुमट संगमरवरी, पण बराचसा भाग चुन्याच्या गिलाव्याचा. तो लांबून संगमरवरासारखा दिसावा ही त्या कारागिरांची करामत. आणि छावणी तर पलटणीची वस्ती. बुटाच्या टोकात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत फडके फिरवणारी, पितळी बक्कल रोज उजळणारी माणसे इथे पिढ्यानपिढ्या राहिली. बूट चमकवताना जे धोरण लागते तेच इथेही लागते. थोडे मेण, हलका हात आणि भरपूर वेळ.

खऱ्या शौकिनाची रविवारची सकाळ पाहण्यासारखी असते. गाडी सावलीत, पत्रा थंड. उन्हात तापलेल्या टपावर पाणी टाकले तर ते पुसण्याआधीच वाळते आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. आधी नुसत्या पाण्याने धूळ भिजवून खाली सोडायची. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून गाडीवर सरळ रेषेत फिरवायचा, दर वेळी साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत. टपापासून सुरुवात, खालचे दरवाजे आणि बंपर शेवटी, कारण माती तिथेच जास्त. चाकांचे फडके वेगळे. ते चुकून बोनेटला लागले तर घरात स्वयंपाकघराचे फडके फरशीला लावल्यावर होतो तसा गहजब व्हायला हरकत नाही! भांड्यांची पावडर मात्र गाडीजवळही आणू नये.

धुऊन झाल्यावर तळहातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून तो हळूच बोनेटवर फिरवा. खरखर लागली तर समजावे की डांबराचे, लोखंडाच्या कणांचे बारीक थेंब रंगात रुतून बसले आहेत. त्यासाठी जपानमधून प्रसार पावलेली मळलेल्या कणकेसारखी माती मिळते. ओलसर पृष्ठभागावर ती घसरवत नेली की कण तिला चिकटून येतात. ती जमिनीवर पडली तर सरळ टाकून द्यायची, स्वस्त असो वा महाग. यानंतर गरज असेल तरच पॉलिश आणि शेवटी ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून काढलेले कार्नोबा मेण किंवा आजकालचे कृत्रिम लेप.

सिरॅमिक कोटिंगचा सध्या फार बोलबाला आहे. हा सिलिकायुक्त लेप चांगला असतो. पाणी गोल थेंब होऊन ओघळते, धूळ सहज सुटते. पण जाहिरातीतले ‘नऊ एच’ वाचून गाडी हिऱ्यासारखी कठीण झाली असे समजू नये. तो आकडा पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचा आहे, हिऱ्याच्या मापपट्टीचा नव्हे. घाणेरड्या फडक्यापुढे सिरॅमिकचेही काही चालत नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना एक सल्ला. रंगाची जाडी मोजणारे छोटेसे यंत्र मिळते. गाडीभर शंभर-सव्वाशे मायक्रॉन आणि एकाच दरवाज्यावर तीनशे दिसले, तर त्या दरवाज्याचा काहीतरी इतिहास आहे. आकडा फार चढला तर आत लांबी भरलेली असणार. विकणारा ‘एकही टच-अप नाही’ म्हणत असताना हे यंत्र निमूटपणे खरे सांगते.

ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने मिळून एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला. २००१पासून शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जात होत्याच. गावाचा मान उंचावला हे खरेच. पण त्याच गावात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येत आले आहे. पैठणचे एवढे मोठे नाथसागर पन्नास-साठ किलोमीटरवर असूनही बायाबापड्यांनी टँकरची वाट पाहिली आहे. अशा गावात नळी लावून गाडी धुणे म्हणजे काय? साध्या नळीतून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज जाते. वीस मिनिटांत दोनशे-अडीचशे लिटर गेले! मधल्या आळीत हंड्यांची रांग असताना फाटकाबाहेर वाहणारा तो ओघळ डोळ्यांना खुपतो, गाडी कितीही देखणी असो.

गंमत अशी, की रंगाच्या दृष्टीनेही तो ओघळ अनावश्यक आहे. दोन बादल्यांत, तीसएक लिटरमध्ये, गाडी व्यवस्थित धुता येते. धूळ थोडी असेल तर घर्षण कमी करणारे द्रावण मिसळलेली एकच बादली आणि सात-आठ मऊ फडकी पुरतात. फडक्याची एक बाजू एकदा वापरली की घडी बदलायची. आणि रोज पुसणे तर बंदच करावे. आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी रोज पुसलेल्या गाडीपेक्षा दहा वर्षांनी कितीतरी तरुण दिसते. गड्याची महिनेवारी मात्र कापू नये. त्याला दोन बादल्या आणि चार चांगली फडकी आणून द्यावीत, एकदा बरोबर उभे राहून दाखवावे. एवढ्या वर्षांत त्याला हे कोणी सांगितलेलेच नसते.

पक्ष्यांची विष्ठा हा एकच अपवाद. तिच्यात युरिक आम्ल असते, आणि उन्हात मऊ झालेला क्लिअर कोट रात्री आकसताना तिच्या आकाराचा ठसा धरतो. चिंचेखाली गाडी लावणाऱ्यांनी ती त्याच दिवशी काढावी. तीही घासून नव्हे. ओले फडके पाच मिनिटे वर ठेवावे, मग अलगद उचलावे.

कुर्ल्याच्या कारखान्यातली एखादी प्रीमियर पद्मिनी जपणारे अजूनही अधूनमधून भेटतात. मूळ रंग टिकून असेल तर त्यावर पॉलिश फिरवताना फडक्याला निळा-हिरवा रंग लागतो. नवखा माणूस हबकतो. पण त्या काळच्या रंगावर क्लिअर कोट नसे, रंग हाच शेवटचा थर. फडक्यावर उतरतो तो वरचा मेलेला भाग, आणि खालून पन्नास वर्षांपूर्वीची झळाळी डोके वर काढते. अर्थात इथेही मुद्दल मोजकेच.

दसऱ्याला गाडीची पूजा होणार, ती व्हायलाच हवी. झेंडूची माळ बोनेटवर आपटत राहील अशी बांधू नये. हळद-कुंकू ओले लावले असेल तर संध्याकाळीच भरपूर पाणी ओतून काढावे, वाळलेल्या अक्षता बोटाने खरवडू नयेत. आणि नारळ गाडीसमोर जमिनीवर फोडावा, बंपरवर नव्हे.