‘एक्स्पोर्ट’चा माल, पण कुलूप कच्चे

कापडाच्या धंद्यात ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ म्हटले की गिऱ्हाईक खूश होते. परदेशी जाणारा माल उत्तम आणि त्यातून नाकारलेला माल घरच्या बाजारात, हा रिवाज कोल्हापूर-इचलकरंजीच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. पण एका धंद्यात हा रिवाज नेमका उलटा होता. तो धंदा म्हणजे संगणकाच्या कुलपांचा.

बँकेचा हिशेब, मालाचा भाव, कार्डाचा नंबर वाटेत कोणी वाचू नये म्हणून संगणक त्याचे सांकेतिक लिपीत रूपांतर करतो. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. अमेरिकेने १९९६ पर्यंत हे तंत्र युद्धसामग्रीच्या यादीत ठेवले होते. त्यामुळे घरच्या गिऱ्हाइकाला १२८ बिटांची किल्ली मिळे, निर्यातीच्या मालात मात्र साधारणपणे ४० बिटांची. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या. आकडा मोठा वाटतो. पण ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्सच्या दमिएँ दोलिजे यांनी सुमारे १२० संगणक लावून असे एक कुलूप ८ दिवसांत उघडले. एकेक बिट वाढला की किल्ल्या दुप्पट होतात, म्हणून १२८ बिटांचे कुलूप असे उघडणे शक्य नव्हते.

‘नेटस्केपचे कुलूप फुटले’ ही खबर तेव्हा जगभर गेली. कंपनीने खुलासा केला की, फुटली ती फक्त निर्यातीची आवृत्ती. आपल्यासाठी खरी बातमी त्या खुलाशातच होती. आपल्याकडे येणारा माल तोच होता!

जानेवारी १९९९ मध्ये आपल्या देशातही बातमी छापून आली. अमेरिकी सुरक्षा सॉफ्टवेअरवर विसंबू नका, असा इशारा संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने, दिला होता. मी ती हेरगिरीची खबर समजून पान उलटले. सुताचे पैसे ज्या बँकेतून फिरतात, तिच्या कुलपाची ही गोष्ट आहे, हे ध्यानातच आले नाही.

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने निर्बंध बरेच सैल केले. पण आपल्याकडील इंटरनेट परवान्यात, खास परवानगीशिवाय ४० बिटांपर्यंतच, अशी अट होती. तर जून २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिट सुचवले. एकाच देशात दोन मापे! कापडाच्या गजात असा फरक निघाला असता तर पेठेत केवढा गलका झाला असता.

बातमी सोप्या भाषेत पोचली की काय होते, हे सप्टेंबर २०१५ मध्ये दिसले. केंद्र सरकारच्या एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्यात, साध्या नागरिकानेही आपले संदेश मूळ स्वरूपात ९० दिवस जपून ठेवावेत, अशी सूचना होती. वृत्तपत्रांनी व वाहिन्यांनी तिचा अर्थ घरोघरी पोचवला, लोक बोलू लागले आणि मसुदा लगोलग मागे घेतला गेला.

आज आपला सौदा, बिल, वसुली सारे मोबाइलवर आहे. तेव्हा अशी खबर दिसली की पान उलटू नका. तीन सवाल विचारा: कुलूप किती मजबूत, किल्ली कोणाच्या हाती आणि विकणारा स्वतःच्या घराला हेच कुलूप लावतो काय? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर तो माल परत करावा.