दुशान्बे : सावकाश पाहावी अशी राजधानी

ताजिकिस्तानच्या राजधानीचे नाव दुशान्बे, म्हणजेच ‘सोमवार’. येथे पूर्वी सोमवारी बाजार भरत असे, त्यावरून हे नाव पडले. ज्येष्ठांनी हे शहर अवश्य पाहावे. मात्र शहर आणि पामीरचा डोंगराळ प्रदेश यांतील फरक आधी ध्यानात घ्यावा.

दुशान्बेची उंची सुमारे ८०० मीटर असल्याने तेथे विरळ हवेचा त्रास होत नाही. पामीर महामार्ग मात्र ४,६०० मीटरांहून उंच खिंडीतून जातो. हृदयविकार अथवा श्वसनविकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याविना तो बेत आखू नये. सोबतच्या कुटुंबीयांनीही आग्रह धरू नये.

शहरातच पाहण्याजोगे पुष्कळ आहे. रुदाकी मार्गावरील वृक्षांच्या सावलीत सकाळी फिरावे. पुरावस्तू संग्रहालयात अजिनातेपा येथे सापडलेली, सुमारे १३ मीटर लांबीची मातीची पहुडलेली बुद्धमूर्ती आहे. अजिंठ्याचे २६ वे लेणे पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल.

जुलै-ऑगस्टचा कडक उन्हाळा टाळावा; एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ सुखाचा. नळाऐवजी बाटलीबंद पाणी प्यावे. नित्याची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीतच ठेवावीत. थकवा जाणवताच चहाखान्यात विसावावे. तेथील हिरवा चहा साखरेविना घ्यावा आणि मधुमेहींनी सोबतची मिठाई निग्रहाने दूर सारावी.